आमचे व्याही मांजर बघायला जातात

आमच्या व्याह्यांनी आजवर जेवढ्या गोष्टी नापसंत केल्या, तेवढ्या साध्या माणसाच्या आयुष्यात येतसुद्धा नाहीत. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. डोंबिवलीत कोपरला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची तरी भाजीवालीसमोर उकिडवे बसून सगळ्या जुड्यांची चौकशी करायचे. ही कुठली, ती केव्हाची, हिच्या मुळाला माती का नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि म्हणायचे, "बरं, बघतो. कळवतो." कोथिंबिरीला काय कळवणार होते देव जाणे. घरातला पंखा बिघडला तेव्हा नवा पसंत पडेपर्यंत उन्हाळा संपला, आणि मग "आता काय घाई आहे" म्हणून पुढच्या वर्षावर गेला. चष्म्याच्या दुकानदाराने तर एकदा हात जोडले. "काका, माझ्याकडच्या सगळ्या फ्रेमा तुमच्या नाकावरून फिरून आल्या, आता माझी घरची तेवढी राहिलीय," म्हणाला. व्याह्यांनी तीही मागून घेतली, लावून बघितली, आणि नाही म्हणाले.

ही सवय लागली ती लग्नं जमवण्यातून. नोकरी त्यांनी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये केली, पण ती पोटापुरती. जीव रमायचा तो स्थळं बघण्यात. नात्यातलं, गावाकडचं, बिल्डिंगमधलं, कोणाचंही बघायला जायचं असलं की त्यांना बरोबर न्यायचं हे ठरलेलंच. त्यांचे नियम होते. सांगितलेल्या वेळेच्या पाव तास आधी पोचायचं, म्हणजे घर जसं असतं तसं दिसतं. दारातल्या चपला बघायच्या. ओळीत लावलेल्या असल्या तर माणसं कडक, एकीवर एक चढलेल्या असल्या तर माणसं मायाळू पण सगळीकडे उशिरा पोचणारी. पाणी मागायचं आणि ते कोण आणतं हे बघायचं. मुलीशी कमी बोलायचं, तिच्या धाकट्या भावंडाशी जास्त, कारण ते पोर खोटं बोलत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम कांदेपोह्यांचा. एक बशी शिष्टाचाराची. दुसरी बशी मागून घेतली तर तो होकार. समोरची बाई झारा घेऊन कितीही आग्रह करो, मन पक्कं झाल्याशिवाय यांची बशी पुढे व्हायची नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या अश्विनीला बघायला ते आमच्या घरी आलेले आहेत. दोन गल्ल्यांवर घर, रोज सकाळी दुधाच्या केंद्रावर आमची गाठ, तरी पत्रिका पोस्टाने मागवली. म्हणाले, "रीत ती रीत." अर्थातच पाव तास आधी आले. मी बनियनवर, स्टुलावर उभा राहून जळमटं काढत होतो. उंबऱ्यात चपलांकडे बघत इतका वेळ थांबले की यांना एखादी आवडली की काय असं मला वाटायला लागलं. मग पाणी मागितलं. ते मीच आणलं. तर माझ्याकडे बघून नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. पोहे एकच बशी. जाताना "कळवतो". पुढचे कित्येक दिवस हा गृहस्थ रोज दुधाच्या रांगेत माझ्या शेजारी उभा राहायचा, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायचा, आणि अवाक्षर कळवायचा नाही! मुलीचा बाप असणं म्हणजे काय ते मी त्या रांगेत शिकलो. शेवटी होकार आला, तोही पोस्टाने. पाठवणीच्या वेळी मला रडू आवरेना तेव्हा मात्र माझा हात धरून म्हणाले, "काळजी करू नका. घरात माणूस असेल तिची वाट बघणारं." आणि खरं सांगतो, त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने हा शब्द पाळला. अश्विनी ऑफिसातून कितीही उशिरा येवो, दोघांपैकी एक जण दार उघडायला जागं असायचं. मी त्यांना बाकी सगळं त्यासाठी माफ केलं. एवढंच खटकायचं की व्याही झाल्यानंतरसुद्धा, सणवार असो की बारसं, आमच्याकडे पोहे खाल्ले तर एकच बशी.

पुढे नातवंडं झाली आणि जावयांनी ठाण्याला कोलशेतला एका उंच टॉवरात घर घेतलं. मग व्याह्यांची पत्नी गेली. कोलशेतच्या घरात एक खोली त्यांच्यासाठी म्हणून लावून ठेवलेली होती. पलंग, कपाट, खिडकीशी खुर्ची, सगळं. अश्विनी दर फोनला विचारायची, "नाना, कधी येताय?" आणि नाना जाऊन खोली बघून यायचे आणि कळवतो म्हणायचे. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. खिडकीतून खाडी दिसते, पण भाजीवाली दिसत नाही. सकाळचं ऊन नको त्या खोलीत येतं. एकदा संध्याकाळी फिरताना मात्र ते माझ्याशी सरळ बोलले. "तिथे जाऊन मी करू काय हो? सकाळी आठला सगळे बाहेर. पोरं शाळेतून परस्पर पाळणाघरात. सातला घरी. मी दिवसभर त्यांच्या सोफ्याची राखण करायची? कोणाला माझा उपयोग असेल तर जाण्यात अर्थ." मी म्हटलं, "खरंय तुमचं." मला ते जायला नकोच होते. संध्याकाळी फिरायला कोणीतरी लागतं, आणि इतक्या भरवशाने रोज वैताग देणारा दुसरा माणूस मला या वयात कुठून मिळणार होता?

अशात नातवंडांना मांजर हवंसं वाटलं. सानवी दहा वर्षांची, रुद्र सहा. सानवीने मांजराचे फायदे पाठ करून म्हणून दाखवले. रुद्रचं म्हणणं एकच होतं, "दार उघडल्यावर आत कोणीतरी पाहिजे. आपलं घर रिकामं वाजतं." अश्विनीला मांजर नको होतं, आणि नको असलेली गोष्ट कोणाकडे सोपवावी हे तिला एवढ्या वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. तिने पोरांना सांगितलं, "लहान मुलांच्या घरात कुठल्या जातीचं मांजर चांगलं, ते नानांना ठरवू दे. ते म्हणतील ते आणू." तिला वाटलं, आता रुद्रची बारावी होईपर्यंत काळजी नाही.

व्याही त्याच दिवशी कामाला लागले. फोनवर चष्म्याच्या वर चष्मा धरून वाचायचे आणि संध्याकाळी मला एकेक स्थळ ऐकवायचे. पर्शियन दिसायला लाखात एक, पण तिचे केस रोज विंचरावे लागतात. "अश्विनीला स्वतःचे विंचरायला वेळ नाही, तिथे हिची वेणीफणी कोण करणार?" सयामी हुशार, माणसांची आवड, पण अखंड बोलते. "घरात सानवी आहे तेवढं पुरे आहे." बेंगाल जातीबद्दल वाचल्यावर तर ते चालता चालता थांबले. "अहो, हिच्या घराण्यात रानमांजर आहे! थोड्याच पिढ्यांमागे. हे लोक आपल्याला आधी सांगत नाहीत बघा." मेन कून स्वभावाने गरीब, मुलांना सांभाळून घेणारी, पण आकाराने एवढी की रुद्रशेजारी जोडा विजोड दिसेल. मी म्हटलं, "जोडा कुठे लावायचाय?" तर म्हणाले, "तुम्हाला यातलं कळत नाही."

मग दर रविवारी बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पोरांना जावई गाडीतून कोपरला सोडायचे, आणि व्याही, मी, सानवी आणि रुद्र अशी वरपक्षाची चार माणसं निघायची. मला कशाला? तर "मुलाकडचं कोणी जाणतं माणूस नको का?" विठ्ठलवाडीला एका तरुणाने घरातच पर्शियन मांजरं पाळली होती. आम्ही पाव तास आधी पोचलो, तो टॉवेलवर. पिल्लू खरोखर देखणं होतं, कापसाचं बोंड जसं. "अंकल, एकदम प्युअर आहे. डोळे बघा ना, कसली भारी आहे!" व्याह्यांनी डोळे बघितले. "पाणी का येतंय?" "ते यांना असतंच थोडं." "हिची आई कुठाय?" "आई भाजी आणायला गेलीय." "तुमची नाही हो, हिची." आई दुसऱ्यांकडे दिली होती. ऐकल्याबरोबर व्याही उठले. आईचा स्वभाव बघितल्याशिवाय लेकीचा कसा कळणार! ठाण्याला एका दुकानात रॅगडॉल बघितली. उचलली की अंग सैल सोडून देते, हाच म्हणे त्या जातीचा गुण, मुलांना कशीही घेता येते. व्याह्यांनी तिला उचललं, ती हातातून दोन्ही बाजूंनी लोंबली. "हा शांतपणा नाही, ही अशक्तता आहे," म्हणाले, आणि दुकानदाराला तिला पालेभाजी द्यायला सांगून बाहेर पडले. सानवी हसून हसून रस्त्यात बसली. रुद्र मात्र दर वेळी रिकाम्या हाताने परतताना गप्प असायचा. त्याने मांजरासाठी स्वतःची शाल घडी करून ठेवली होती.

आणि मग कल्याणच्या बाई भेटल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, सोडून दिलेली मांजरं सांभाळून चांगल्या घरी देणाऱ्या. त्यांनी एक मोठी, राखाडी पट्ट्यांची मांजरी दाखवली. व्याह्यांनी विचारलं, "जात कुठली?" बाई म्हणाल्या, "गावठी." "घराणं?" "मच्छी मार्केटच्या मागचं." मला वाटलं, आता उठणार. पण तोवर रुद्रने मांजरीला मिठी मारली होती, तीही सहा वर्षांच्या पोराने मारावी तशी, गळा आवळून. मांजरीने नखं काढली नाहीत. अंग आकसून हळूच सुटली, शिलाई मशीनवर चढली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. रुद्रचा चेहरा पडला. थोड्या वेळाने ती आपणहून खाली उतरली आणि त्याच्या मांडीशी येऊन बसली, या वेळी तिला हवी तशी. व्याही हे सगळं पुढे वाकून बघत होते. "रागावली, पण बोचकारलं नाही," ते मला हळूच म्हणाले. "आणि राग धरून नाही बसली. पोरांच्या घरात आणखी काय बघायचं असतं हो?" मग त्यांनी पोह्यांची रिकामी बशी पुढे केली. "बाई, पोहे आहेत का अजून?"

माझा चमचा हातातच राहिला. पण कल्याणच्या बाईंना दुसऱ्या बशीचं महत्त्व कोण सांगणार? त्यांनी पोहे वाढले आणि म्हणाल्या, "तुम्हाला ती पसंत पडली, छान झालं. पण मला तुम्ही पसंत पडायला नकोत का? घर बघितल्याशिवाय मी मांजर देत नाही. रविवारी येते."

तो रविवार मी जन्मभर विसरणार नाही. कोलशेतला बाई पाव तास आधी आल्या. जावई अर्ध्या चड्डीत, अश्विनीच्या डोक्याला मेंदी. बाई उंबऱ्यात थांबल्या आणि चपलांकडे बघत राहिल्या. पाणी मागितलं. व्याही स्वतः धावत आत गेले आणि तांब्या-भांडं घेऊन आले. बाईंनी भांडं घेतलं, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "हं." अहाहा! इतक्या वर्षांनी माझ्या जिवाला गारवा मिळाला. मी शहाण्या माणसासारखा खिडकीतून खाडी बघत बसलो. मग बाई मोठ्या माणसांना सोडून रुद्रशी बोलायला लागल्या. "शाळेतून आल्यावर काय करतोस रे?" "पाळणाघरात जातो." "मग घरी कोण असतं?" रुद्र म्हणाला, "कोणी नाही. टीव्हीपण बंद असतो." बाईंनी पोह्यांची एक बशी खाल्ली. अश्विनीने आग्रह केला तर बशीवर हात धरला. निघताना म्हणाल्या, "कळवते."

त्यानंतर व्याह्यांची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. फोन खिशात ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. "कळवायला इतका वेळ लागतो का हो?" त्यांनी मला विचारलं. "लागतो," मी म्हटलं. "मला आठवतंय ना."

फोन आला तेव्हा आम्ही संध्याकाळी बिल्डिंगच्या कट्ट्यावर बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, "माणसं चांगली आहात. खिडक्यांना जाळी लावाल, त्याचीही मला खात्री आहे. पण मी नाही देत. राग मानू नका. हिच्या आधीच्या घरातही चांगलीच माणसं होती, पण दिवसभर बाहेर. ही दाराशी बसून राहायची. चाटून चाटून पोटावरचे सगळे केस काढले होते हिने, आता कुठे परत आलेत. तुमच्या घरात दिवसा माणूस नाही हो." व्याह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, आता बरं म्हणतील आणि ठेवतील. दुधाच्या रांगेतले ते दिवस आठवून मला थोडं बरंही वाटलं असेल. रुद्रची ती शाल डोळ्यांसमोर आली तेव्हा मात्र वाटेनासं झालं. तेवढ्यात व्याही म्हणाले, "आहे."

"कोण आहे?"

"मी. मुलांचा आजोबा. तिथे माझी खोली आहे. दिवसभर असतो मी घरात." मग जरा थांबून म्हणाले, "असेन."

एवढा मोठा निर्णय, आणि बघतो नाही, कळवतो नाही. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांजरीसाठी जावं लागतंय हो. नाहीतर मी कशाला जातोय." मी म्हटलं, "खरंय तुमचं." अश्विनीचा रात्री फोन आला. ती रडत होती आणि हसत होती. "बाबा, मला मांजर नको होतं. पण हे असं होणार माहीत असतं ना, तर दोन वर्षांपूर्वीच चार आणली असती."

मांजरी आणायला आम्ही कल्याणला गेलो. बाईंनी टोपलीत शाल घातली, रुद्रचीच, मांजरीला आत ठेवलं, झाकण लावलं आणि मग एकदम तोंड फिरवून डोळे पुसायला लागल्या. व्याही पुढे झाले. "काळजी करू नका," म्हणाले. "घरात माणूस असेल तिची वाट बघणारं." मी सानवीला उगीच पाण्याची बाटली कुठे आहे म्हणून विचारलं.

आता पाळणाघर बंद झालंय. पोरं शाळेतून सरळ घरी येतात, आणि दार उघडलं की आत एक मांजरी आणि एक आजोबा असतात. दोघं खिडकीशी, खुर्ची एकच असल्यामुळे भांडून बसलेले. व्याही मला रोज फोन करून कोलशेतची निंदा करतात. लिफ्टमध्ये सगळे बोलायला लागलेत, आता गप्पच बसत नाहीत. मी ऐकून घेतो आणि मग एकटाच फिरून येतो. कोपरच्या गल्लीत त्यांच्या बंद खिडकीवरून जाताना पाय उगाच हळू होतात. चुकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोला.

मध्यंतरी त्यांनी फोनवर विचारलं, "तुम्ही दोघं दिवसभर घरात असता ना?" मी म्हटलं, असतो. "मग तुमच्यासाठी एक स्थळ आहे." तेव्हापासून दर रविवारी ते कल्याणच्या बाईंकडून फोटो घेऊन कोपरला येतात, कधी टोपलीसुद्धा घेऊन येतात. मी मांजर नीट बघतो, आई कुठाय विचारतो, रंगाबद्दल थोडी शंका काढतो. मग आम्ही फिरून येतो. आमची ही परवा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आपल्याला मांजर घ्यायचं नाहीये. मग कशाला त्यांना हेलपाटे घालायला लावता?" मी म्हटलं, "हळू बोल."

गेल्या रविवारी एक पांढरी आणली होती, कानाशी काळा ठिपका. चांगली होती बिचारी. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणालो, "बरं, बघतो. कळवतो." व्याह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातली पोह्यांची रिकामी बशी पुढे केली आणि आत हाक मारली, "विहीणबाई, पोहे आहेत का अजून?"